प्रीतिभोजनाचं कर्ज

गोंडपिपरी
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुखमाबाईला धाकट्या बहिणीचा, प्रेमिलाचा नमस्कार.

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच की यात मी पैसे मागितलेले नाहीत.

फोन तू माझ्यापुरता बंद करून टाकला आहेस. पिंकीच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. पोस्टमन काही माझा आवाज काढून दाखवत नाही, म्हणून हा रस्ता धरला. आणि मी पत्रात शुद्ध लिहिते म्हणून हसू नकोस. सात वर्षं अंगणवाडीत मदतनीस आहे, सेविकाबाईंचे अहवाल मीच लिहून देते. पेन हातात आलं की बोटं आपोआप सरकारी होतात.

इकडे सगळं ठीक आहे. माझे हे, तुझे जावई इसरू, अजून आष्टीच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवतात. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या गाड्या दिवसरात्र धावतात, त्यांचे टायर बसले की आमची चूल पेटते. पिंकी दहावीला आहे. उंची माझ्यापेक्षा जास्त आणि जीभ तुझ्याएवढी. सासूबाई आशाबाई बऱ्या आहेत. ऑपरेशननंतर तब्येत चांगली सुधारली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मागच्या महिन्यात आपली मावशीची दामिनी चंद्रपूरच्या बसस्टँडवर भेटली. तिने सांगितलं की तुमच्या बायकांच्या गटाने गावचा तलाव ठेक्याने घेतला, मासोळीच्या बीजासाठी बँकेत कर्ज मागितलं आणि बँकेने अर्ज परत केला. गटातल्या एकीच्या नावावर जुनं कर्ज थकलं आहे म्हणून. ती एक म्हणजे तू. मग बायकांनी तुला अध्यक्षपदावरून उतरवलं. दामिनीने हे मान खाली घालून सांगितलं. माझ्या हातातलं भजं मी किती वेळ तसंच धरून उभी होते कोण जाणे.

थकलेलं कर्ज माझं आहे, हे मला कोणी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी तू तुझ्या नावावर फायनान्स कंपनीकडून चाळीस हजार उचलून मला दिलेस. हप्ते मी भरायचे, असं ठरलं होतं. दर पंधरा दिवसांनी एक, असे चोवीस. त्यातले चौदा भरले आणि थांबले. मग कंपनीचा माणूस तुझ्या ओट्यावर येऊन बसायला लागला. तू मला बाकीची चिठ्ठी पाठवलीस, वीस हजारांची, आणि तिच्या मागे लिहिलंस, "आता माह्यं तोंड पाहू नोको." ती चिठ्ठी माझ्याजवळ आहे.

बाई, मी पैसे जमवते आहे. पोस्टात खातं काढलं आहे, ते तुझ्या जावयालाही माहीत नाही. तेंदूपत्त्याचे, मानधनातले, शाळेच्या खिचडीवरची बाई रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी केलेल्या कामाचे. आज अठरा हजार दोनशे आहेत. नाताळाच्या आत वीस करते, भरते आणि कर्ज संपल्याचा दाखला तुझ्या हाती येईल असं करते. तीस डिसेंबरला तुमच्या गटाची बैठक आहे, त्यात बँकेचा अर्ज पुन्हा भरायचा आहे, हेही दामिनीने सांगितलं. त्याआधी दाखला तुला मिळेल.

मी स्वतः आणून दिला असता. पण गावात पाय ठेवायची हिंमत नाही. लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असेल की रुखमाला बुडवणारी तिची सख्खी बहीण आहे. भाऊबीजेलाही मी आले नाही ते त्याचमुळे. आपल्या भावाला, प्रफुलला सांग, त्याला ओवाळायचं माझ्याकडे उधार आहे.

तुझी,
प्रेमिला


गोंडपिपरी
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल दिसली की मी फाटकापर्यंत जाते. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. माझं तेवढ्यावर भागतं.

आज तुला एक गंमत सांगते, आणि गमतीच्या पोटात एक वाईट गोष्ट आहे ती पण सांगते.

काल आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण झाला. तू एकदा आली होतीस, तुला आठवत असेल. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो देवळात आणतो. धानाची पेंढी, वांगी, कोंबडी, अंडी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या पेटीत जातो. कोणी पाच रुपयांची काकडी पन्नासला घेतो, सगळे टाळ्या वाजवतात. बोली लावायची आणि पैसे नाताळाच्या आधी भरायचे, अशी रीत आहे. ही उधारीची सोयच माणसाला चढते.

सासूबाईंनी आमच्या घरामागच्या सांदवाडीतलं कोहळं नेलं होतं. मोठं होतं, पण शेवटी कोहळंच. देवानंदभाऊंनी शंभर म्हटलं. देवानंदभाऊ म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले, तीन ट्रॅक्टरवाले, अन्नपूर्णाबाईंचे नवरे. आईचं कोहळं शंभरात जातं म्हटल्यावर तुझे जावई उठले. दोनशे. तिकडून तीनशे. इकडून पाचशे. मी मागून सदरा ओढते आहे, हे पुढे सरकताहेत. बोली हजाराच्या वर गेली तशा सासूबाई खुर्चीत सरळ होऊन बसल्या. शेवटी हे म्हणाले, "एकवीसशे," आणि देवानंदभाऊ हसत खाली बसले. ते शहाणे आहेत.

तर बाई, आमच्याच वेलाचं, आमच्याच घरातून सकाळी उचलून नेलेलं कोहळं एकवीसशे रुपयांना विकत घेऊन आम्ही दुपारी घरी आलो. सासूबाई रस्त्याने भेटेल त्याला सांगत होत्या की पोराने लाज राखली. काल रात्री कोहळ्याची भाजी, आज सकाळी कोहळ्याची भाजी, आणि अजून अर्धं शिल्लक आहे.

रात्री त्यांनी मला विचारलं, तुझ्याजवळ काही असतील का. मी नाही म्हटलं. पोस्टात एकोणीस हजार असताना तोंडावर नाही म्हटलं. मला जराही वाईट वाटलं नाही. ते पैसे माझे नाहीतच.

आता वाईट गोष्ट. इसरूंवर मी चिडले, भांडी आपटली, पण आतून मला माहीत होतं की मला बोलायचा हक्क नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं होतं की सासूबाईंच्या पित्ताशयात खडे आहेत, नागपूरला ऑपरेशन करायचं आहे, चाळीस हजार लागतील. तू एका शब्दाने विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी जाऊन अंगठ्याचं मशीन दाबून आलीस. बाई, खडे नव्हते. ऑपरेशन झालंच नाही. सासूबाईंना आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही.

त्या वर्षी नाताळाच्या प्रीतिभोजनाची पाळी आमच्या घरावर आली होती. पंचवीस तारखेला सगळी मंडळी एकत्र जेवते, आणि दर वर्षी एका घराने ते करायचं. आधीच्या वर्षी अन्नपूर्णाबाईंच्या जावेने मांडव घातला होता, मटण-बिर्याणी, गुलाबजाम, जाताना हातात पिशवी. मी धिवराची, मासोळ्या धरणाऱ्याची पोरगी, बाहेरून आलेली. अठरा वर्षं होऊन गेली तरी कोणीतरी कधीतरी म्हणतंच की ही आपल्यातली नाही. मला वाटलं, एकदा अशी पंगत घालू की कोणाला बोलायला जागा उरणार नाही. एकशे तीस माणसं जेवली. मांडव, कंदील, सगळ्यांना नवे कपडे, इसरूंना कोट. तो कोट त्यांनी पुन्हा घातलेला नाही. पंक्चरच्या दुकानात कोट घालून काय करणार.

एवढं त्यात गेलं. तू विचारत राहिलीस, आशाबाईंचे टाके भरले का, आणि मी हो म्हणत राहिले. आधीच्या पत्रातही तेच लिहिलं. ते लिहिताना पेन जरा अडलं होतं, पण अडून थांबलं नाही.

आता तू पत्र फाडलंस तरी चालेल.

प्रेमिला


गोंडपिपरी
८ डिसेंबर २०२५

प्रिय बाई,

या घरात लपवायला आता काही उरलेलं नाही. मागचं पत्र मी पिंकीकडे टाकायला दिलं होतं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, आणि पिंकी उघडं पाकीट बंद करण्याआधी आत डोकावणाऱ्यातली आहे. तिने ते पोस्टात टाकायच्या आधी आजीला वाचून दाखवलं. मोठ्याने, ओट्यावर बसून.

मी अंगणवाडीतून आले तर सासूबाई दारातच. "माह्यं पोट फाडलं अन् मलेच नाई सांगितलं?" म्हणाल्या. मी पाय धरायला वाकले. त्यांनी मला वाकू दिलं नाही. आधी खूप बोलल्या, अगदी माझ्या माहेरच्या तळ्यापर्यंत पोचल्या, मग एकाएकी बसल्या आणि हसायला लागल्या. शेजारच्या बाईला बोलावून पोट दाखवलं, पाहा म्हणे, नागपूरच्या डॉक्टरने टाके कसे लपवले. पुढचे चार दिवस त्यांना कोणतंही काम सांगितलं की ऑपरेशन झालंय म्हणायच्या. त्यांचं रागावणं असंच असतं, फिरून फिरून चिमटे काढणं. मला ते रागापेक्षा सोपं गेलं.

इसरूंचं वेगळं झालं. कर्ज त्यांना माहीत होतं, पण तुला काय सांगून ते उचललं, हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं तू पंगतीसाठीच आनंदाने दिलंस. पोस्टातल्या पैशांचंही त्यांना तेव्हाच कळलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी देवानंदभाऊंकडे गेले आणि त्यांच्या तिन्ही ट्रॅक्टरच्या टायरांचं काम अंगावर घेतलं, मजुरीचे एकवीसशे आगाऊ मागून. ते पैसे तसेच नेऊन पाळकसाहेबांच्या हातात ठेवले. म्हणजे कोहळ्याच्या बोलीचे पैसे शेवटी देवानंदभाऊंच्याच खिशातून गेले. घरी येऊन मला म्हणाले, "तुह्या पोस्टाले हात नाई लावत. ते रुखमाबाईचे आहेत." बाई, त्या रात्री मी पोटभर जेवले.

मग आम्ही चौघं बसून नाताळ ठरवला. अडीच हजारात. चांदणी नवी नाही, इसरू जुन्या बांबूवर नवा कागद लावणार. फराळ सासूबाई आणि मी घरी करणार. नवे कपडे कोणालाच नाहीत. इथे पिंकी उठली आणि आत जाऊन दार लावून बसली. म्हणाली, कॅरल गायला मुलं घरोघर जातील, मी जुन्या कपड्यात पुढे उभी राहू का. मला राग आला, आणि मग आठवलं की हेच मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, फक्त मोठ्या माणसाच्या तोंडाने. तिला आठवडी बाजारात घेऊन गेले. तिने तासभर घासाघीस करून साडेतीनशेची जीन्स मिळवली, दुकानदार रडकुंडीला आला. मुलगी तुझ्यावर गेली आहे, मी खरंच सांगते.

काल उपासनेनंतर बैठक होती. यंदा प्रीतिभोजनाची पाळी अन्नपूर्णाबाईंची. सगळे वाट पाहत होते, त्या मटण सांगतात की मटण आणि चिकन दोन्ही. अन्नपूर्णाबाई उठल्या. अंगावर चांगली साडी, हातात पर्स. म्हणाल्या, "मी यंदा पंगत देऊ शकत नाई. तीन कंपन्यांचे हप्ते आहेत माह्यावर. ट्रॅक्टरपण कर्जाचेच आहेत." एवढं बोलून बसल्या. 

बाई, ज्यांच्यासाठी मी तुला फसवलं, ज्यांच्या तोडीची पंगत घालायची म्हणून चाळीस हजार उडवले, त्यांच्याही घरी तेच चाललं होतं. मला हसू आलं नाही. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं.

सासूबाईंनी तोडगा काढला. म्हणाल्या, आमच्या तरुणपणी एका घरावर पंगत नसे, ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं आणि एकत्र शिजवायचं. वरण, भात, वांग्याची भाजी. कोणी म्हणालं, भाजी खाऊन नाताळ होतो का. त्यावर सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे अर्धं कोहळं पण आहे. सगळे हसले, आणि ठरलं. दर घरामागे किलोभर तांदूळ आणि जे जमेल ते.

मग एकामागून एक बायका उठायला लागल्या. कोणावर दोन कंपन्या, कोणावर चार. एकीने मंगळसूत्र गहाण ठेवल्याचं सांगितलं. पाळकसाहेबांनी कोणाला थांबवलं नाही. मी बसून राहिले. पाय उचलत होते आणि पुन्हा खाली ठेवत होते. अन्नपूर्णाबाई उठू शकतात आणि मी नाही. मला वाटत होतं, मी उठले तर नुसतं कर्ज सांगून भागणार नाही, तुझं नावही घ्यावं लागेल, आणि मग ते खोटं ऑपरेशन. शेवटची प्रार्थना झाली तेव्हा मी डोळे सगळ्यात घट्ट मिटले होते.

वीस हजारांना आता दोनशे कमी आहेत. पंधरा तारखेला मानधन जमा होईल.

तुझी,
प्रेमिला


गोंडपिपरी
१८ डिसेंबर २०२५

प्रिय बाई,

काल मी तुझ्यापासून सात किलोमीटरवर होते.

सकाळच्या एसटीने अर्ध्या तिकिटात चंद्रपूर, तिथून चिमूर. तोंडाला ओढणी बांधून गेले, कोणी ओळखू नये म्हणून. बसमध्ये एक म्हातारा मला कॉलेजची पोरगी समजून शिक्षणाचं महत्त्व सांगत होता. मीही हो हो म्हणत राहिले. ऊन कोवळं होतं, रस्त्याने धानाचे ढीग लागत होते. वीस हजार पोलक्यात होते. दोन वर्षांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं.

कंपनीच्या ऑफिसात एक पिंकीपेक्षा थोडी मोठी मुलगी बसली होती. तुझ्या चिठ्ठीवरचा नंबर दिला आणि म्हटलं, पूर्ण भरायचे आहेत. तिने पाहिलं आणि म्हणाली, "चार हजार राह्यले, बाई."

मी म्हटलं, वीस. ती म्हणाली, चार. मी तिला चिठ्ठी दाखवली, नीट बघ म्हटलं, दुसऱ्या कोणाचं खातं उघडलं असशील. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यात तुझं नाव होतं आणि खाली ओळी. पाचशे. पाचशे. दर पंधरा दिवसांनी पाचशे. एकदा तीनशे, आणि त्याच्या पुढच्या वेळी सातशे. शेवटची ओळ आठ डिसेंबरची.

आठ डिसेंबरला माझी दोन पत्रं तुझ्या हातात होती. मी भरते आहे, मी जमवते आहे, असं मी लिहिलं होतं. ऑपरेशन खोटं होतं हेही तुला कळलं होतं. तरी तू गेलीस आणि पाचशे भरून आलीस.

मी त्या मुलीसमोर रडले. तिने पाणी दिलं. बिचारीला वाटलं असेल, चारच हजार उरले म्हणून ही बाई आनंदाने रडते आहे.

बाई, एक गोष्ट मी तुझ्यापासूनच काय, माझ्यापासूनही लपवली होती. माझ्याजवळ पहिले हजार रुपये मागच्याच वर्षी जमले होते. तेव्हाच आणून भरायला हवे होते, मग दर महिन्याला भरायला हवे होते. मी भरले नाहीत. मला एकदम वीस हजार नेऊन टाकायचे होते, तू बघतच राहिली पाहिजेस असं. मला भरलेला हप्ता नको होता, मला थाट हवा होता. मांडवाची हौस होती तशीच ही पण. आणि माझ्या त्या हौसेपायी तू सव्वा वर्ष झिंगे वाळवून, मासोळ्या विकून माझे हप्ते भरत राहिलीस. ऑपरेशनच्या खोट्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

चार हजार भरले. दाखला मिळाला, शिक्का आणि सही आहे, या पत्रासोबत पाठवते. बँकेला एवढा पुरतो, असं ती मुलगी म्हणाली. पाणी लागू देऊ नकोस, तुझा काही भरवसा नाही, मासोळीच्या टोपल्यात ठेवशील.

मग बसस्टँडवर आले. तुझ्या गावची बस समोरच लागली होती. कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत होता. मी उठले, पायरीपर्यंत गेले. आत आपल्याकडची दोन माणसं दिसली, आणि मी परत येऊन बाकावर बसले. बस गेली. मी चहा घेतला आणि चंद्रपूरच्या गाडीत चढले.

घरी आले तर सासूबाईंनी शेजारच्या बायका जमवून करंज्या घातल्या होत्या. सगळ्यांच्या करंज्या एकाच तेलात तळायच्या, म्हणजे तेल वाचतं, अशी नवी युक्ती निघाली आहे. अन्नपूर्णाबाई सारण भरत होत्या आणि त्यांच्या करंज्या फुटत होत्या, त्यावर सगळ्यांचं हसणं चाललं होतं. इसरूंची चांदणी दारावर लागली होती, एका बाजूला कललेली. पिंकी जीन्स घालून गाण्याचा सराव करत होती. मी दारात उभी राहून बघत होते. खरं सांगते बाई, चाळीस हजारांच्या मांडवात मी इतकी सुखात नव्हते.

माझ्याजवळ सोळा हजार उरले आहेत. ते तुझे आहेत. पोस्टाने पाठवणार नाही. नाताळाला ये आणि घेऊन जा. जेवायला वरण-भात आणि वांग्याची भाजी मिळेल, आधीच सांगून ठेवते.

वाट पाहते.

तुझी,
प्रेमिला


मु. चिमूरजवळ, तलावाकाठचं घर
२१ डिसेंबर

प्रेमिला,

तुह्ये चारही पत्र भेटले. दाखला भेटला. टोपल्यात नाई ठेवला, पेटीत ठेवला. पोस्टमन विचारे, बाई, कोण एवढं लिवून राह्यलं तुमाले. म्या म्हटलं लहान बहीण आहे, तिले दुसरा धंदा नाई.

मी चवथी शिकलेली. मले लांब लिवता येत नाई. कामाचं लिवतो.

ऑपरेशन झालं नाई, हे मले तवाच माईत झालं होतं. तुमच्या पंगतीचा फोटो दामिनीच्या फोनवर आला होता. आशाबाई बिर्याणीचं ताट धरून हासून राह्यली होती. मले पैशाचा राग नोता. तू मले खरं सांगत नोती, त्याचा होता. मी वाट पाहून राह्यलो होतो का ही कवा सांगते. तोंड पाहू नोको लिवलं तरी तू सांगतलं नाई. आता सांगतलं. राग गेला.

तू लिवलं का गावात सगळ्याइले तुह्यं नाव माईत असन. कोणालेच माईत नाई. म्या गटात सांगतलं होतं का पैसे मीच उचलले अन् मीच उडवले. दामिनीलेपण तेच माईत आहे. ती तुह्यापुढे मान खाली घालून बोलली, ते माह्या लाजेनं. तुह्यं लग्न म्या लावून देल्लं, बाबाशी भांडून. तुले कोणी नाव ठेवलं असतं तर ते मी आयकू शकलो नसतो. मले अध्यक्षावरून उतरवलं तवा वाईट वाटलं. पण तुह्यं नाव नाई घेतलं.

सोळा हजार सगळे माहे नाईत. सहा हजार गटातल्या चार बायकाइचे आहेत. माह्याजवळ नसले का त्या भरत होत्या. कोणी शंभर, कोणी दोनशे. त्याइचे पैसे मी देणार नाई. तू देशील, तुह्या हातानं.

मी चोवीसले दुपारच्या गाडीनं येतो. जावयाले स्टँडवर पाठव. पंगतीसाठी तलावाची मासोळी आणून राह्यलो, दोन डबे आहेत, जड आहेत. नुसत्या वांग्यावर मी नाताळ नाई करत.

सव्वीसले परत येताना तू माह्यासंग चाल. तीसले बैठक आहे. दाखला मी दाखवतो. पण हे पैसे कोणाचे होते ते मी नाई सांगत. आता ते तू सगळ्याइपुढे उभी राहून सांग. देवळात उठता आलं नाई, इथी उठ.

घाबरू नोको. मी तुह्या बाजूलेच बसून राहीन.

रुखमा